निवृत्तीनंतर बेरीची बाग: तोडणी लोकांवर सोपवायची असेल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांत तुम्ही निवृत्त होताय, यजमान आत्ताच घरी आहेत पण गुडघ्यांनी बेजार आहेत. घरची तीन एकर जमीन आहे, पाणी आहे, मुलं सुट्टीच्या दिवशी येऊन हातभार लावतील. तिथे स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लूबेरी लावायची आणि लोकांनी स्वतः येऊन, तोडून, वजन करून न्यायची, अशी कल्पना आहे. हे या वयात झेपेल का, काय आणि किती लावायचं, आणि लोक झाडांची वाट लावतील का, असं तुम्ही विचारलंय. मी आणि माझी पत्नी निवृत्तीनंतर हाच उद्योग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झेपेल. पण तीन एकर लावू नका. एक एकरसुद्धा एकदम लावू नका.

शेती म्हटली की पहिला हिशेब जमिनीचा होतो: एवढी जमीन, एवढी रोपं, एवढं उत्पन्न. लोकांनी स्वतः तोडायच्या बागेत हा हिशेब उलट्या टोकाकडून मांडावा लागतो, कारण तोडणारे हात तुमच्या ताब्यात नसतात. मजूर लावणारा शेतकरी फळ पिकलं की माणसं रानात उतरवतो. तुमच्याकडे लोक येणार ते सुट्टीच्या दिवशी, हवा बरी असेल तर, मुलांची परीक्षा नसेल तर. फळ मात्र मंगळवारीही पिकतं. फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभरात स्ट्रॉबेरी लाल होते, आणि ऐन भरात प्रत्येक ओळ दर दोन-तीन दिवसांनी रिकामी व्हावीच लागते. रास्पबेरीचंही तेच. म्हणून मी एकच मोजमाप सांगतो: ऐन हंगामात आठवडाभर पावसाने झोडपलं आणि एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर घरच्या माणसांना मिळून जेवढ्या ओळी स्वच्छ तोडता येतील तेवढ्याच ओळी लावायच्या. साठी ओलांडलेली दोन माणसं आणि अधूनमधून येणारी मुलं यांच्यासाठी हे प्रमाण सुरुवातीला पाव एकर ब्लूबेरी, रास्पबेरीच्या चार-पाच ओळी आणि थोडी स्ट्रॉबेरी याच्या पुढे जात नाही. उरलेल्या जमिनीत गवत राहू द्या. गाड्या लावायला, मुलांना पळायला आणि पुढे बाग वाढवायचीच झाली तर ती उपयोगी पडते.

इतका कडक नियम कशासाठी, तर न तोडलेलं फळ एकटं वाया जात नाही, शेजारच्या फळालाही घेऊन जातं. पिकून लोंबणाऱ्या स्ट्रॉबेरीवर राखाडी बुरशी धरते आणि तिचे बीजाणू शेजारच्या निरोगी फळावर, फुलांवर जातात. या बुरशीची लागण बहुतेक वेळा फुलोऱ्यातच होऊन गेलेली असते, डोळ्यांना दिसते ती फळ पिकल्यावर. दुसरी त्याहून चिवट शत्रू म्हणजे ड्रॉसोफिला सुझुकी ही बारीक माशी. घरात पिकलेल्या केळ्यांवर घोंगावते तिची ही बहीण, मूळची पूर्व आशियातली. 2008 मध्ये ती कॅलिफोर्नियात आणि युरोपात एकाच वर्षी सापडली आणि तिथून बेरीच्या प्रदेशांत सगळीकडे पसरली. साध्या फळमाशीला सडलेलं फळ लागतं. हिच्या मादीच्या शेपटाकडे करवतीसारखे दाते असतात, त्यांनी ती चांगल्या, नुकत्याच रंग धरलेल्या फळाची साल कापून आत अंडी घालते. बाहेरून काही दिसत नाही, आणि गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत फळ मऊ पडतं. फवारणीने ती आटोक्यात येते, संपत नाही. खरा उपाय म्हणजे पिकलेलं फळ झाडावर न ठेवणं, गळालेलं उचलून बंद पिशवीत घालून उन्हात तापवणं, आणि तोडलेलं फळ लगेच थंड करणं. बागेत ती आलीय का हे बघायला मूठभर फळं मिठाच्या पाण्यात बुडवून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. असतील तर पांढुरक्या, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या अळ्या बाहेर येऊन तरंगायला लागतात. हंगामात मी हे दर आठवड्याला करतो आणि तुम्हीही करा. छोटी बाग स्वच्छ ठेवता येते, मोठी बाग दोन म्हाताऱ्या माणसांना स्वच्छ ठेवता येत नाही. मुद्दा एवढाच आहे.

आता काय लावायचं. तुमच्याकडे थंडी किती पडते हे आधी बघा, कारण या सगळ्या झाडांना हिवाळ्यातली झोप लागते. उत्तरेकडच्या हायबुश, म्हणजे उंच झुडपाच्या, ब्लूबेरीला 7 अंश सेल्सिअसच्या खालचे साधारण 800 ते 1000 तास लागतात. दक्षिणी हायबुश जातींना त्याहून बरेच कमी पुरतात. थंडी कमी पडली तर झाड मरत नाही, पण कळ्या विस्कळीत फुटतात आणि तोडणी महिनोन् महिने रेंगाळते. तुमच्या भागातलं हवामान केंद्र तापमानाची नोंद ठेवत असेल, तिथून मागच्या काही हिवाळ्यांचे आकडे मागून घ्या. शेजाऱ्याच्या सांगण्यावर रोपं मागवू नका.

थंडी पुरेशी असेल तर निवृत्त माणसांसाठी बागेचा कणा ब्लूबेरीच असावा, असं माझं ठाम मत आहे. तिला काटे नाहीत. फळ कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर येतं, वाकावं लागत नाही. पिकलेलं फळ झाडावर आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतं, त्यामुळे पावसाने एक सुट्टी हुकली तरी जीव टांगणीला लागत नाही. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात, निवांतपणे. जपलं तर झुडूप तीस-चाळीस वर्षं फळ देतं. दोन-तीन जाती लावा, एकमेकींच्या परागांनी फळ मोठं धरतं आणि हंगामही लांबतो. ड्यूक आधी येते, 1952 साली बाजारात आलेली ब्लूक्रॉप मध्ये, एलियट सर्वांत शेवटी. ओळींत 3 मीटर आणि झुडपांत सव्वा मीटरच्या आसपास अंतर ठेवलं तर पाव एकरात पावणेतीनशे झुडपं बसतात. दोन माणसांना हिवाळाभर छाटायला तेवढी पुष्कळ झाली.

अडचण एकच: ही झाडं सावकाश मोठी होतात. पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाकायची, म्हणजे जोर मुळांना आणि फांद्यांना जातो. तिसऱ्या वर्षापासून थोडं फळ, आणि पूर्ण भर यायला सहा ते आठ वर्षं. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी रोप लावलं तर भर येईपर्यंत तुम्ही सत्तरीकडे झुकलेल्या असाल. म्हणूनच नोकरीची उरलेली ही दोन वर्षं माझ्या दृष्टीने तुमची सर्वांत मोलाची आहेत. त्यात जमीन तयार करून रोपं लावून टाका.

जमिनीबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण ब्लूबेरी लावणारे नव्वद टक्के इथेच बुडतात असं म्हटलं तर ती आकडेवारी होणार नाही, पण ज्या बागा बंद पडलेल्या बघितल्या त्यांच्यात हे कारण पुन्हा पुन्हा दिसलं. ब्लूबेरीला आम्ल जमीन लागते, सामू (pH, हा आकडा जितका कमी तितकी जमीन जास्त आम्ल) 4.5 ते 5.5 च्या मधला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही गोष्ट कुणाला ठाऊकच नव्हती. जंगलातली झुडपं उपटून आणून लोक सुपीक, शेणखत घातलेल्या जमिनीत लावत आणि ती मरत. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि आम्ल जमिनीचं कोडं सोडवलं. ते वाचून न्यू जर्सीत वडिलांच्या क्रॅनबेरीच्या मळ्यात काम करणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहिलं. आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना त्यांनी मोठ्या फळांची झुडपं शोधून आणायला पैसे दिले, आणि दोघांनी मिळून तयार केलेलं पहिलं व्यापारी पीक 1916 मध्ये विकलं गेलं. आज जगभर जी लागवडीची हायबुश ब्लूबेरी आहे तिची सुरुवात त्या एका कुटुंबाच्या मळ्यात आहे. मला ही हकिकत फार आवडते, कारण शास्त्रज्ञाची चिकाटी आणि रानातल्या माणसाची नजर दोन्ही तिच्यात आहेत.

तर तुम्ही काय करायचं: मातीची चाचणी या महिन्यात करा. सामूबरोबर चुनखडीचं प्रमाणही मागा. घरच्या घरी पाहायचं तर मातीच्या ढेकळावर व्हिनेगर ओता, बुडबुडे फुटले तर मुक्त चुना आहे आणि त्या जमिनीत ब्लूबेरीचा नाद सोडा. चुनखडीच्या जमिनीचा सामू गंधक टाकून काही दिवस खाली येतो आणि पुन्हा वर जातो. तिथे मोठ्या कुंड्या किंवा बाहेरून आणलेल्या आम्ल माध्यमाचे गादीवाफे करावे लागतात. सामू 6 च्या आसपास असेल आणि चुना नसेल तर मात्र गंधकाने काम होतं. मातीतले जीवाणू गंधकाचं आम्ल करतात. त्याला ऊब, ओल आणि वेळ लागतो, काही महिन्यांपासून वर्षापर्यंत. म्हणून गंधक लागवडीच्या आदल्या वर्षी मिसळायचं आणि लागवडीआधी पुन्हा चाचणी करायची. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही तपासा. पाणी अल्कधर्मी असेल तर ठिबकातून रोज थोडा थोडा चुनाच सोडल्यासारखं होतं. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक लोहाची फवारणी करतात, पण तिथे बहुतेक वेळा दुखणं सामूचं असतं. खत अमोनियम सल्फेट, तेही थोडं थोडं. ब्लूबेरीची मुळं बारीक, वरवर पसरणारी असतात आणि त्यांना मूळरोमही नसतात, तेव्हा खोल खुरपणी नको. लाकडाच्या भुशाचं किंवा सालींचं जाड आच्छादन द्या, तणही दबतं.

रास्पबेरीत माझी शिफारस शरद ऋतूत फळणाऱ्या जातींची. नेहमीच्या रास्पबेरीची काडी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. म्हणजे एकाच ओळीत जुन्या आणि नव्या काड्या ओळखून, वाकून, हातमोजे घालून एकेक कापत बसायचं. शरदात फळणाऱ्या जातींना त्याच वर्षीच्या काडीवर शेंड्याकडे फळ येतं. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हाच्या संशोधन केंद्राने 1969 मध्ये दिलेली हेरिटेज ही त्यातली जुनी, भरवशाची जात. हिवाळा सरता सरता सगळी ओळ जमिनीलगत कापून टाकायची, झाली छाटणी. यजमानांच्या गुडघ्यांचा विचार केला तर हा फरक फार मोठा आहे. हा हंगाम ब्लूबेरीनंतर येतो, हाही फायदा. मात्र तीच माशीच्या भराचीही वेळ असते, म्हणून ओळी थोड्याच. ब्लॅकबेरी लावायचीच तर ट्रिपल क्राउन किंवा चेस्टरसारखी बिनकाट्याची, तारेवर चढवून.

स्ट्रॉबेरी लोकांना खेचून आणते. मुलांना तीच हवी असते आणि हंगामातही ती आधी येते. पण जमिनीवरच्या स्ट्रॉबेरीइतकं कंबर मोडणारं पीक दुसरं नाही: लागवड वाकून, तण वाकून, धावते फुटवे काढणं वाकून, तोडणी वाकून. तुमच्या घरात ती टेबलावर घ्या. साधारण मीटरभर उंचीवर आडव्या पन्हळी, त्यात नारळाच्या काथ्याचं माध्यम आणि ठिबक. फळ बाजूला लोंबतं, जमिनीला टेकत नाही म्हणून कुजतं कमी आणि स्वच्छ राहतं. खर्च एकरकमी जास्त येतो आणि ठिबक बंद पडलं तर माध्यम लवकर सुकतं, एवढं भान ठेवायचं. आमच्याकडे एक आजी आधारकाठी घेऊन येतात. टेबलाच्या ओळी झाल्यापासून त्या काठी कडेला टेकवतात, एका हाताने पन्हळीला धरतात आणि दुसऱ्याने स्वतःची टोपली स्वतः भरतात. नातवंडं तोडत असताना बाकावर बसून राहण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. अशी माणसं तुमच्याकडे पुष्कळ येतील, कारण सकाळच्या वेळी मोकळी असतात ती आपल्याच वयाची माणसं. ओळींमधली वाट चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जाईल एवढी रुंद, कापलेल्या गवताची ठेवा.

जमिनीतच लावायची असेल तर जिथे टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची होती तिथे नको. त्यांच्या मुळांवरची मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि स्ट्रॉबेरी-रास्पबेरीला धरते.

वाटेल ते करा, पण दंव पडणाऱ्या खळग्यात बाग नको. स्ट्रॉबेरीचं उमललेलं फूल उणे 1 अंशाच्या आसपासच काळं पडतं. तुषार सिंचन रात्रभर चालू ठेवून फूल वाचवता येतं, पाणी गोठताना जी उष्णता सोडतं तिच्यावर ते चालतं. पण एकदा सुरू केलं की सकाळी बर्फ वितळेपर्यंत पंप थांबता कामा नये, आणि पहाटे तीनला पंपापाशी उभं राहण्याचं हे वय नव्हे. थंड हवा उतारावरून खाली वाहून जाईल अशी जागा निवडा आणि संध्याकाळी पांघरायचं कापड हाताशी ठेवा.

आता लोकांबद्दल. तुम्ही विचारलंय की ते फुकट खातील का. खातील, आणि खाऊ द्या. फाटकावर थोडं प्रवेशशुल्क घ्या, चाखणं त्यातच धरा, म्हणजे त्यांच्याही मनाला टोचत नाही आणि तुम्हालाही राखण करत बसावं लागत नाही. नुकसान खाण्याने होतच नाही, चुकीच्या तोडण्याने होतं. अर्धं पिकलेलं तोडून, चव बघून टाकून दिलेलं, घोसच्या घोस ओढलेला, गादीवाफ्यावर पाय दिलेला. यावर पाटी लावून उपयोग नाही, पाटी कुणी वाचत नाही. हातात टोपली देताना अर्ध्या मिनिटात दाखवायचं, आणि लहान मुलाच्या हातून करवून घ्यायचं, मोठी माणसं आपोआप शिकतात. स्ट्रॉबेरीला फळ ओढायचं नाही. देठ अंगठ्याच्या नखाशी चिमटीत धरून मनगट वळवलं की देठाचा तुकडा आणि हिरवी टोपी फळावर राहते. देठाजवळ पांढरी असेल तर ठेवून द्यायची, कारण तोडल्यावर ती गोड होत नाही. रास्पबेरी तीन बोटांत हलकेच धरली की पिकलेली सुटून हातात येते, तिचा पांढरा गाभा झाडावरच राहतो. जोर लावावा लागला तर ती तयार नाही. ब्लूबेरीच्या घोसाखाली तळहात धरून अंगठ्याने फळं चोळल्यासारखी फिरवायची. पिकलेली तळहातात पडतात, कच्ची तिथेच राहतात. देठाशी गुलाबी कडा दिसली तर अजून काही दिवस हवेत. ब्लॅकबेरी चकाकत असेल तोवर आंबट, काळा रंग मंद झाला की गोड. टोपल्या उथळ ठेवा, चार बोटं खोल. खोल बादली दिली की खालची फळं वरच्यांच्या वजनाने चेपतात आणि गिऱ्हाईक घरी जाऊन तुम्हाला नावं ठेवतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे ओळ वाटून देणं. लोकांना मोकळं सोडलं तर सगळे फाटकाजवळच्या ओळींवर गर्दी करतात. तिथे कच्चंही तुटतं आणि पलीकडच्या टोकाला पिकलेलं गळून पडतं. आम्ही प्रत्येक ओळीला एक झेंडी ठेवतो. येणाऱ्या कुटुंबाला ओळ नेमून द्यायची, थांबतील तिथे त्यांनीच झेंडी रोवायची, पुढचं कुटुंब झेंडीपासून सुरू करणार. रोज उजाडता सगळ्या ओळींतून एक फेरी मारायची आणि आज कुठल्या ओळी उघडायच्या, कुठल्या बंद, ते ठरवायचं. ही फेरी कुणावर सोपवू नका. बागेची खरी तब्येत त्या वेळी कळते: कुठे ठिबकाची नळी तुटलीय, कुठे पक्षी शिरलेत, कुठे पानाखाली जाळं दिसतंय.

आठवड्यातले सातही दिवस उघडं ठेवू नका. तीन दिवस, सकाळचे चार-पाच तास पुरेत. मध्ये फळाला पिकायला वेळ मिळतो आणि तुम्हालाही. ऊन चढल्यावर तोडलेलं फळ तसंही टिकत नाही. सकाळी सातच्या आत फोनवर एक छोटा संदेश: आज काय आहे, किती आहे, किती वाजेपर्यंत. फळ संपलं की फाटक लावा आणि तसं कळवून टाका. लांबून येऊन रिकाम्या हाताने परत गेलेलं कुटुंब पुन्हा येत नाही, पण आधी कळवलं तर पुढच्या वेळी लवकर येतं. ऐन भरात वेळ ठरवून नावनोंदणी घ्या. त्याने गाड्यांची गर्दीही पसरते.

फवारणीत दोन मुदती असतात आणि दोन्ही लेबलवर छापलेल्या असतात: फवारल्यावर किती वेळाने माणसाने ओळीत पाऊल टाकायचं आणि किती दिवसांनी फळ तोडायचं. मजुरांच्या शेतात हे मालक आणि मजूर यांच्यात राहतं. तुमच्या शेतात लहान मूल फळ तोडून तिथल्या तिथे तोंडात घालणार आहे. तेव्हा फुलोऱ्याच्या आधीच जमेल तेवढं उरका, फुलोऱ्यात मधमाश्यांसाठी कीटकनाशक नको, आणि फवारलेल्या ओळीला दोरी बांधून तारीख लिहून लावा. कच्चं शेणखत वापरायचंच तर फळ जमिनीला टेकतं तिथे तोडणीच्या किमान 120 दिवस आधी, आणि खरं तर पूर्ण कुजलेलंच घाला. बेरी धुऊन, सोलून, शिजवून खाल्ली जात नाही, त्यामुळे पोटाचे आणि काविळीचे विषाणू हातांवरून थेट फळावर येतात. शौचालय, वाहतं पाणी आणि साबण बागेत शिरायच्या आधी दिसेल अशा जागी हवंच. कुत्री बाहेर. पक्ष्यांसाठी जाळी ताणून आणि खाली टेकवून लावा, ढिली सोडली की पक्षी अडकून मरतात.

पैशांबद्दल थोडक्यात. निवृत्तीची पुंजी यात घालू नका, आणि पहिली तीन-चार वर्षं बाग तुम्हाला पोसेल असं धरू नका. खर्चाचा क्रम पाणी, माती, रोपं, मग शौचालय आणि गाड्यांची जागा, मग जाळी. दुकान, खेळणी, खाण्याचा स्टॉल हे सगळं नंतर, किंवा कधीच नाही. शेतीच्या नेहमीच्या विम्यात येणाऱ्या पाहुण्याला झालेली इजा धरलेली असेलच असं नाही, विमा कंपनीकडून लेखी घ्या. एक सैल पायरी किंवा उघडी विहीर सगळं घालवू शकते.

घरच्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलं येऊन मदत करतील, हे वाक्य कागदावर उतरवा: कोण, कुठल्या महिन्यात, किती सुट्ट्या, कुठलं काम. त्यांच्या कामाचे पैसे द्या, नातवंडांनाही द्या. फुकटच्या मदतीवर हंगाम उभा राहत नाही आणि मनात आढी मात्र राहते. तुमच्या दोघांत लोकांशी बोलायला कुणाला आवडतं, तो फाटकावर आणि वजनकाट्यावर. दुसऱ्याने छाटणी, ठिबक, सकाळची फेरी घ्यावी. यजमानांना स्टुलावर बसून, बॅटरीवरच्या कात्रीने ब्लूबेरी छाटता येईल. गुडघ्यांना त्रास न देता होणारं ते बागेतलं सर्वांत कसबाचं काम आहे. ऐन हंगामात दोघांपैकी एकाला दवाखान्यात ठेवावं लागलं तर फाटक कोण उघडणार, त्या माणसाला आत्ताच विचारून ठेवा आणि एकदा सगळं दाखवून द्या. आणि वय वाढेल तसं काय कमी करायचं हेही आधीच ठरवा. आमचं ठरलंय: आधी स्ट्रॉबेरीची टेबलं काढायची, मग रास्पबेरी. ब्लूबेरी शेवटपर्यंत राहील, आणि मुलांना नको असेल तेव्हाही भर असलेली बाग चालवायला घेणारं कुणीतरी मिळतं.

तेव्हा या हंगामात माती आणि पाण्याची चाचणी, गंधक, आणि चर काढून निचरा. पुढच्या हंगामात ब्लूबेरीची रोपं, दोन वर्षांची, प्रमाणित रोपवाटिकेतली, विषाणूमुक्त असल्याच्या दाखल्यासकट. अशा रोपवाटिकांत मागणी वर्षभर आधी नोंदवावी लागते, म्हणून चाचणीचा निकाल आला की त्याच आठवड्यात जाती ठरवून नाव लावा. रास्पबेरी आणि टेबलं निवृत्तीनंतर, सकाळचा वेळ हातात आला की. निकालातला सामू आणि चुन्याचे आकडे इथे टाकलेत तर गंधक किती लागेल ते मी बघून सांगतो. मातीचा पोत, म्हणजे वाळूसर की चिकण, तोही लिहा, कारण चिकण मातीला वाळूसर मातीपेक्षा बरंच जास्त गंधक लागतं.